१९६५चं युद्ध : असल उत्तर आणि चविंडा एकत्र वाचूया

तोफखाना

सप्टेंबर आला की पासष्टच्या आठवणी निघतात आणि दरवर्षी तिथेच येऊन थांबतात : असल उत्तर, अब्दुल हमीद, पॅटन रणगाड्यांचं कब्रस्तान. सीमेपलीकडे, पाकिस्तानात, ६ सप्टेंबर हा संरक्षण दिन म्हणून पाळतात आणि तिथे चविंडाचं नाव घेतात. दोन्ही बाजूंना आपापली लढाई पाठ आहे, समोरच्याची माहीत नाही. माझं म्हणणं असं, की या दोन लढाया जोडीने वाचल्या तरच त्या युद्धात नेमकं काय घडलं ते कळतं. दोन्हीकडे रणगाड्यांची मोठी मुसंडी अडली आणि दोन्हीकडे ती अडण्याची कारणं बरीचशी सारखी होती.

पार्श्वभूमी थोडक्यात. एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या आणि ब्रिटनच्या मध्यस्थीने थांबल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात 'ऑपरेशन जिब्राल्टर'खाली काश्मीरमध्ये घुसखोर आले. काश्मिरी जनता उठाव करेल हा त्यामागचा हिशेब साफ चुकला. २८ ऑगस्टला आपण हाजी पीर खिंड घेतली. १ सप्टेंबरला पाकिस्तानने जम्मूकडच्या छंबमध्ये 'ग्रँड स्लॅम' ही मोहीम सुरू केली. अखनूरचा चिनाबवरचा पूल हे त्यांचं लक्ष्य होतं, कारण तो गेला असता तर जम्मूहून राजौरी-पूंछकडे जाणारी वाटच तुटली असती. ऐन वेळी, २ सप्टेंबरला, त्यांनी मेजर जनरल अख्तर हुसेन मलिक यांना बाजूला करून याह्या खान यांच्याकडे सूत्रं दिली. त्यात जो वेळ गेला तो आपल्या कामी आला. अखनूर वाचलं. ६ सप्टेंबरला आपण पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली.

आता असल उत्तर. ही लढाई सुरू झाली ती आपल्या पीछेहाटीने, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांची ४ माउंटन डिव्हिजन ६ तारखेला पंजाबातल्या खेमकरणहून, लाहोरच्या अलीकडे असलेल्या इच्छोगिल कालव्याच्या रोखाने निघाली. तो हल्ला फसला, काही पलटणींचं बरंच नुकसान झालं आणि ७ तारखेला डिव्हिजन मागे सरकून असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे धरून बसली. समोर पाकिस्तानची १ आर्मर्ड डिव्हिजन होती. तिच्याकडे अमेरिकन पॅटन रणगाडे होते, तेव्हाचे अगदी आधुनिक. त्यांचा बेत मोठा होता. खेमकरणहून आत शिरायचं, ब्यासवरचा पूल गाठायचा, ग्रँड ट्रंक रोड तोडायचा आणि अमृतसरसकट आपलं सैन्य पलीकडे कोंडायचं.

आपल्या बाजूला ब्रिगेडियर थिओग्राज यांच्या २ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेडच्या तीन रेजिमेंट होत्या. ३ कॅव्हलरीकडे सेंच्युरियन रणगाडे, ९ डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन आणि ८ कॅव्हलरीकडे हलके एएमएक्स. कागदावर तुलना केली तर पारडं सरळ तिकडे झुकतं.

पण लढाई शेतात व्हायची होती. सप्टेंबरात तिथे पुरुषभर उंचीचा ऊस उभा असतो. शिवाय कालवे फोडून त्या पट्ट्यात पाणी सोडलं होतं. वरून पाहिलं तर हिरवं, सपाट रान. आत शिरलेल्या जड रणगाड्याच्या पट्ट्याखाली मात्र चिखल. त्या चिखलात त्याचा वेग गेला आणि वळायला जागा उरली नाही. सेंच्युरियन उसाच्या आडोशाला थांबून होते. पॅटन टप्प्यात येईपर्यंत त्यांनी गोळा सोडला नाही. ८, ९ आणि १० सप्टेंबर असे तीन दिवस पाकिस्तानने पुन्हा पुन्हा धडका दिल्या. १० तारखेला बगलेने वळसा घालायचा प्रयत्न केला, तोही याच सापळ्यात सापडला. त्यांच्या ४ कॅव्हलरीचे कितीतरी सैनिक, त्यांच्या कमांडिंग ऑफिसरसह, उसातून बाहेर येऊन शरण आले. भारताच्या आकड्याप्रमाणे पाकिस्तानचे ९७ रणगाडे तिथे कामी आले. पकडलेले रणगाडे भिखीविंडजवळ रांगेने उभे केले, ते 'पॅटन नगर'.

त्यांचे तोफखान्याचे ब्रिगेडियर शमी या लढाईत मारले गेले. आपल्या सैनिकांनी त्यांचं लष्करी इतमामाने दफन केलं. माझ्या मते ही गोष्ट विजयाइतक्याच अभिमानाने सांगायला हवी.

आता नकाशावर उत्तरेला, सियालकोटकडे या. तिथे आपली १ आर्मर्ड डिव्हिजन होती, मेजर जनरल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांची. तिचा बेत असल उत्तरच्या पाकिस्तानी बेताचा जुळा भाऊ शोभेल असा होता : सीमा ओलांडायची, फिल्लौरा आणि चविंडा घ्यायचं, सियालकोट-पसरूर रेल्वेमार्ग तोडून आत घुसायचं. ८ तारखेला सुरुवात झाली. गडगोरजवळ समोर आली ती बहुतांशी एकच रेजिमेंट, लेफ्टनंट कर्नल निसार अहमद खान यांची २५ कॅव्हलरी. त्यांनी आपले रणगाडे इतके लांबवर पसरून उभे केले, की समोर मोठं दल आहे असा आपल्याकडे समज झाला. आपण थांबलो. पुढची धडक मारली ती ११ तारखेला.

ते मधले दिवस म्हणजे चविंडाच्या लढाईचा निकाल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ११ तारखेला फिल्लौरा आपण जिंकलं, आणि फार शौर्याने जिंकलं. पण तोवर चविंडाला त्यांची फळी भक्कम झाली होती. १४ ते १९ सप्टेंबर आपण त्या गावावर डोकं आपटत राहिलो. १८-१९च्या रात्री पायदळाचा शेवटचा हल्ला झाला, तोही विस्कटला. चविंडा मिळालं नाही.

तुम्हाला या लढायांबद्दल काय माहीत आहे, घरात-गावात कोणी त्यात होतं का, लिहा. सैन्यातल्या कुणा नातेवाइकाचं खाजगी नाव मात्र देऊ नका.

नदीकाठ

वाचनखूण साठवली. एक शंका आहे. अब्दुल हमीद जीपवरच्या तोफेने लढले एवढंच शाळेत वाचलंय. जीपला कवच नाही, काही नाही. मग ती पॅटनसमोर टिकली कशी?

तोफखाना

@नदीकाठ, फार योग्य प्रश्न. ती १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ, आरसीएल. साध्या तोफेला जो मागे धक्का बसतो तो हिला बसत नाही, कारण स्फोटाचा बराचसा वायू नळीच्या मागच्या तोंडातून बाहेर पडतो. म्हणून ती जीपसारख्या हलक्या गाडीवर बसवता येते. तिचा गोळा कवच भेदणारा असतो. पण याची किंमत अशी, की गोळा सुटला की मागे आगीचा लोळ निघतो आणि धुळीचा ढग उठतो. समोरच्या रणगाड्याला क्षणात कळतं तोफ कुठे आहे ते. म्हणून आरसीएलवाल्यांचा नियमच असा : मारा आणि जागा बदला. एका जागेवरून एक, फार तर दोन गोळे.

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद हे ४ ग्रेनेडियर्सचे, गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावचे. १० सप्टेंबरला चीमा गावाजवळ त्यांनी जीप बगलेला नेली, सगळ्यात पुढचा पॅटन उडवला, जागा बदलली आणि दुसरा उडवला. तोवर शत्रूने त्यांना हेरलं होतं. मशिनगन आणि तोफगोळे त्यांच्यावर रोखले गेले. ते तरीही मारा करत राहिले आणि एका गोळ्याने कोसळले. परमवीर चक्र जाहीर झालं ते आठवड्याभरातच.

ऊस नसता तर त्या जीपला बगलेपर्यंत जाताच आलं नसतं. त्यांचं शौर्य यामुळे रतीभरही कमी होत नाही. त्या जमिनीचा उपयोग त्यांना पुरेपूर ठाऊक होता, हे मला सांगायचंय.

पाचवा मैल

लेख आवडला, पण चविंडा आणि असल उत्तर एका तागडीत घालणं पटलं नाही. असल उत्तरला त्यांची डिव्हिजन मोडली. चविंडाला आपली मोडली नाही. फिल्लौराला आपण त्यांचे ढिगाने रणगाडे मारले, मुलूख घेतला आणि युद्धविरामापर्यंत तो धरून ठेवला. ११ तारखेला पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर कर्नल तारापोर जखमी झाले तरी त्यांनी मागे जायला नकार दिला. पुढचे पाच दिवस ते रणगाड्यातच होते. त्यांच्या सन्मानपत्रात पूना हॉर्सने ९ रणगाडे गमावून शत्रूचे सुमारे ६० रणगाडे उडवल्याची नोंद आहे. याला अपयश कसं म्हणायचं?

तोफखाना

@पाचवा मैल, पूना हॉर्सला मी अपयशी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं खरं आहे. मी डिव्हिजनच्या लक्ष्याबद्दल बोलतोय. रेल्वेमार्ग तोडून पसरूरकडे जायचं होतं, ते झालं नाही. आपली डिव्हिजन मोडली नाही हा फरक मोठा आहे, मान्य. पण रेजिमेंट जिंकत असताना डिव्हिजनचा बेत फसू शकतो, आणि तेच तिथे झालं. वरच्या पातळीवर जे दिवस वाया गेले त्यांची भरपाई खालच्यांनी रक्ताने केली. म्हणूनच चविंडाबद्दल बोललं पाहिजे असं मला वाटतं. आपण त्याविषयी गप्प बसतो तेव्हा तारापोरांच्या लढाईचा अर्धा अर्थ हरवतो.

जुनीवही

या धाग्यावर दोन नावं यायलाच हवीत.

पहिलं, अरुणकुमार श्रीधर वैद्य. मूळचे अलिबागचे. असल उत्तरला ९ डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर तेच, तेव्हा लेफ्टनंट कर्नल. म्हणजे वर ज्या जुन्या शर्मनचा उल्लेख आला ते त्यांच्या हाताखाली होते. पॅटनपुढे शर्मन घेऊन उभं राहायचं आणि माणसांचा धीर सुटू द्यायचा नाही, याला काय लागत असेल! त्यांना महावीर चक्र मिळालं. १९७१मध्ये बसंतरच्या लढाईत १६ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेड त्यांचीच होती, तिथे दुसरं महावीर चक्र. पुढे ते लष्करप्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर १९८६मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यांच्या मृत्यूची बातमी पुष्कळांना आठवते, असल उत्तर फार थोड्यांना.

दुसरं, लेफ्टनंट कर्नल झिराड, ८ गढवाल रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर. कोकणातल्या बेने इस्राएल समाजातले. चविंडाच्या बगलेला बुट्टूर डोगरांडी नावाचं गाव आहे. पूना हॉर्सचे रणगाडे आणि गढवालींचं पायदळ तिथे एकत्र लढले. तारापोर तिथेच १६ सप्टेंबरला पडले, झिराडही तिथेच. एका गावासाठी दोन कमांडिंग ऑफिसर गेले. तारापोरांवर अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणे रणभूमीवरच झाले. त्यांचा जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची. आपल्या मातीशी इतकं नातं असलेली माणसं, आणि आपल्या शाळांतून यांच्याबद्दल एक ओळ नसते याचं फार वाईट वाटतं.

उनाडपाऊस

+१ जुनीवही. झिराड यांच्याबद्दल आजच कळलं.

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात पॅटन आणि सेंच्युरियन दोन्ही पाहायला मिळतात. जमलं तर जा. पॅटनचा बुरूज गोलसर, गुळगुळीत, कुठेही सरळ कड नाही, गोळा घसरून जावा म्हणून तसा केलेला. सेंच्युरियन त्यामानाने चौकोनी, ओबडधोबड दिसतो. पॅटनची अंतर मोजायची यंत्रणा आधुनिक होती, पण ती नीट वापरायला खूप सराव लागे. सेंच्युरियनच्या तोफचीचं काम त्यामानाने साधं होतं. समोरासमोर पाहिलं की वर्णनात वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं.

खंदक

सगळे रणगाड्यांवरच बोलतायत, म्हणून पायदळाबद्दल लिहितो.

डोगराई. लाहोरच्या वाटेवर, इच्छोगिल कालव्याला लागून असलेलं गाव. ६ सप्टेंबरला, म्हणजे पहिल्याच दिवशी, लेफ्टनंट कर्नल डेस्मंड हेड यांची ३ जाट तिथे पोचली आणि कालवा ओलांडून बाटापूरपर्यंत गेली. बाटापूर म्हणजे बाटाच्या बुटांच्या कारखान्याची वसाहत. लाहोर तिथून हाकेच्या अंतरावर. पण मागून मदत पोचली नाही. ना दारूगोळा, ना रणगाडे. पलटणीला परत फिरावं लागलं. जिंकलेली जागा सोडून.

त्यानंतर दोन आठवडे पाकिस्तानने डोगराईत काँक्रीटचे मोर्चे, सुरुंग, काटेरी तारा सगळं भरून ठेवलं. आणि २१-२२ सप्टेंबरच्या रात्री त्याच ३ जाटला तेच गाव पुन्हा घ्यायला पाठवलं. घराघरात हातघाई झाली. बेयोनेट, हातबॉम्ब, अंधार. मेजर आसाराम त्यागी अनेक गोळ्या लागूनही पुढे जात राहिले. पुढे त्यांचा त्या जखमांनी मृत्यू झाला, महावीर चक्र मरणोत्तर. गाव घेतलं. २३ तारखेला पहाटे युद्धविराम झाला.

पहिल्या दिवशी जे हातात होतं त्यासाठी दोन आठवड्यांनी इतकी माणसं गेली. ३ जाट ज्या १५ डिव्हिजनमध्ये होती तिच्या कमांडरांना युद्ध चालू असतानाच हटवलं होतं, त्यामागे हाच सगळा गोंधळ. हेडसाहेबांच्या जाटांबद्दल मला विलक्षण आदर आहे. त्यांना एकटं सोडणाऱ्यांना मात्र मी माफ करू शकत नाही.

तोफखाना

@खंदक, ही माहिती मूळ लेखातच यायला हवी इतकी मोलाची आहे. तुमच्या प्रतिसादाला जोडून त्याच कालव्यावरची आणखी एक गोष्ट.

बर्की गाव ४ शीखने १० सप्टेंबरच्या रात्री घेतलं. पलीकडून मेजर अझीझ भट्टी लढत होते. कालव्याच्या काठावर ते दिवसचे दिवस उभे राहून तोफांचा मारा दुरुस्त करत होते. १२ तारखेला ते पडले, पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. दोन्हीकडची माणसं तिथे कमालीची लढली.

आणि बर्कीनंतर लगेच, थकलेल्या त्याच ४ शीखला खेमकरणच्या मागे घुसून रस्ता अडवायला पाठवलं. १२ सप्टेंबर हा त्या पलटणीचा सारागढी दिन, म्हणजे १८९७च्या सारागढीच्या लढाईचा स्मरणदिन, त्या दिवसाच्या मानासाठी ही कामगिरी त्यांनाच दिली गेली. रात्रभर शेतातून चालून ती पलटण शत्रूच्या रणगाड्यांमध्ये सापडली. बाहेरून होणारा हल्ला त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. कमांडिंग ऑफिसरसह शंभराहून अधिक जण कैद झाले. असल उत्तरच्या विजयानंतर दोनच दिवसांनी.

एक तपशील बहुतेकांना ठाऊक नसतो : असल उत्तर आपण जिंकलं, पण खेमकरण गाव युद्धविरामापर्यंत पाकिस्तानच्याच ताब्यात होतं.

नदीकाठ

खेमकरणचं खरंच माहीत नव्हतं. सुन्न झालो वाचून.

पाचवा मैल

खेमकरणचा मुद्दा मान्य. तरी एक भर घालतो. १० तारखेनंतर पाकिस्तानच्या १ आर्मर्ड डिव्हिजनला पुन्हा तशी मुसंडी मारता आली नाही. खेमकरण हातात ठेवून त्यांना अमृतसरला धोका निर्माण करता आला नाही. त्या अर्थाने लढाईचा निकाल गावावर अवलंबून नव्हता.

लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांचंही नाव घ्या कोणीतरी. पश्चिम विभागाचे आर्मी कमांडर. खेमकरणला पीछेहाट झाली तेव्हा ब्यासच्या मागे सरकण्याची सूचना लष्करप्रमुख जनरल चौधरींकडून आली आणि आपण ती मानली नाही, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. यावर वाद आहेत, पण ते जागचे हलले नाहीत हे तर खरंच. पंजाबचा तो पट्टा सोडला असता तर असल उत्तर घडलंच नसतं.

जुनीवही

आणि दिल्लीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. १ सप्टेंबरला छंबमध्ये परिस्थिती हाताबाहेर जायला लागली, तेव्हा जनरल चौधरी आणि एअर मार्शल अर्जन सिंग त्यांच्याकडे गेले. विमानं वापरायची का हा प्रश्न होता. १९६२मध्ये लढाऊ हवाई दल वापरलंच नव्हतं, हे लक्षात घ्या. चव्हाणांनी तिथल्या तिथे होकार दिला. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. त्यात जुनी व्हॅम्पायर होती, त्यातली चार पडली. किंमत मोठी होती, पण बासष्टनंतर तीन वर्षांनी कोणीतरी जबाबदारी अंगावर घेऊन निर्णय घेतोय हे सैन्याला दिसलं. ३ तारखेपासून छोटी नॅट विमानं पुढे आली आणि हवेतलं चित्र बदलू लागलं.

घाटमाथा

सगळं वाचलं. पण माझा एकच सवाल आहे आणि तो मला लहानपणापासून छळतो. हाजी पीर परत का दिलं? मेजर रणजीत सिंग दयाल आणि १ पॅराच्या जवानांनी पावसात रात्रभर चढून २६०० मीटरवरची ती खिंड घेतली. उरी-पूंछ रस्ता मोकळा झाला. घुसखोरीची मुख्य वाटच बंद झाली होती. आणि ताश्कंदला कागदावर सही करून ती सोडली. रागही येतो आणि त्या जवानांसाठी जीवही तुटतो.

तोफखाना

@घाटमाथा, हा राग मलाही येतो. तरी त्या टेबलावर आणखी काय होतं ते पाहिलं पाहिजे.

१० जानेवारी १९६६च्या ताश्कंद करारात दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५पूर्वीच्या जागी जायचं ठरलं. त्यात हाजी पीर गेलं, डोगराई-बर्की गेलं, फिल्लौरा गेलं. पण त्याच कलमाने खेमकरण आपल्याला परत मिळालं आणि छंबही. हाजी पीर ठेवायचं म्हटलं असतं तर छंबमधला पाकिस्तान अखनूरच्या पुलाशेजारी बसून राहिला असता. चविंडा पडलं असतं, खेमकरण १२ तारखेला परत घेता आलं असतं, तर शास्त्रीजींच्या हातात देवघेवीला जास्त काही असतं. युद्धविराम मान्य करताना आघाडीवरचा दारूगोळा संपत आलाय असं सांगितलं गेलं होतं आणि नंतरच्या हिशेबात त्याचा थोडाच भाग वापरला गेल्याचं दिसलं, हेही त्यातच धरा. म्हणून हाजी पीरचा हिशेब मी एकट्या ताश्कंदवर टाकत नाही. त्यातला बराचसा सियालकोटच्या त्या थांबलेल्या दिवसांत आणि डोगराईला न पोचलेल्या मदतीत आहे.

छंबचं पुढे काय झालं तेही सांगतो : १९७१मध्ये पाकिस्तानने ते पुन्हा घेतलं आणि सिमला करारानंतर ते तिकडेच राहिलं.

हुसैनीवाला आणि बाडमेर-गडरा आघाडीबद्दल कोणी लिहू शकत असेल तर याच धाग्यावर लिहा. तिथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी दारूगोळ्याच्या गाड्या पुढे नेताना जीव दिलाय, त्याबद्दल मराठीत जवळपास काहीच सापडत नाही.

खंदक

गडरा रोडबद्दल माझ्याकडे थोडी टिपणं आहेत. रविवारपर्यंत टाकतो.